इंद्रायणीच्या काठावरचे निर्णय : संत तुकारामांचे चरित्र

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• संत तुकारामांच्या जीवनातील प्रमुख घटना क्रमाने सांगता येतील.
• इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाचा त्यांच्या जीवनावर झालेला परिणाम स्पष्ट करता येईल.
• कर्जखते नदीत सोडण्याच्या निर्णयामागील नैतिक विचार उलगडून दाखवता येईल.
• संतचरित्र वाचताना इतिहास आणि परंपरा यांचा वेगवेगळा विचार करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, तुकारामांचे चरित्र आपणांपैकी प्रत्येकाने कोठे ना कोठे ऐकलेले आहे. कीर्तनात ऐकले असेल, शाळेच्या पुस्तकात वाचले असेल, चित्रपटात पाहिले असेल. ऐकून परिचित झालेल्या चरित्राचा एक तोटा असतो. शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे त्यातील माणसाला प्रत्यक्ष निर्णय घेताना काय सोसावे लागले, याकडे आपले लक्ष जात नाही. तुकाराम संत होणार हे आपल्याला माहीत असते. तेवीस-चोवीस वर्षांच्या, दिवाळे निघालेल्या एका वाण्याला मात्र ते माहीत नव्हते. या घटकात आपण त्या वाण्याच्या बाजूने हे चरित्र वाचणार आहोत. अभंगांचा अभ्यास स्वतंत्रपणे करावयाचा असल्यामुळे येथे अभंग उद्धृत केलेले नाहीत.

साधनांविषयी एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. तुकारामांच्या जीवनाची माहिती तीन ठिकाणांहून मिळते. पहिले ठिकाण म्हणजे त्यांचे स्वतःचे आत्मपर अभंग. दुसरे, बहिणाबाईंसारख्या समकालीनांचे लेखन. तिसरे, महिपतींचे ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) हे ग्रंथ. महिपतींनी लिहिले तेव्हा तुकारामांना जाऊन शंभरांहून अधिक वर्षे झाली होती. त्यामुळे पुढील विवेचनात जे परंपरेचे आहे, ते परंपरेचे म्हणूनच सांगितले आहे.

१. प्रदेश आणि घराणे

लोणावळ्याजवळ, कुरवंडे गावाच्या परिसरात, सह्याद्रीच्या माथ्यावर इंद्रायणी उगम पावते. तेथून ती मावळातून पूर्वेकडे वाहते, देहू आणि आळंदी या गावांना स्पर्श करते आणि तुळापूर येथे भीमेला मिळते. उगमाजवळ वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नदीबरोबर पूर्वेकडे सरकत गेले की तो झपाट्याने कमी होत जातो आणि देहूपर्यंत येईतो काही पटींनी घटतो. नदी एकच असली, तरी तिच्या वरच्या अंगाला भाताची खाचरे आणि खालच्या अंगाला ज्वारी-बाजरीची जिरायती शेते असा फरक पडतो. पाऊस दगा देतो तेव्हा पहिला आघात या जिरायती पट्ट्यावर होतो. पुढे घडलेल्या घटना समजण्यासाठी ही भूगोलाची पार्श्वभूमी उपयोगी पडेल.

देहूतील मोरे कुळातील आंबिले घराण्यात तुकारामांचा जन्म झाला. जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८, हे वर्ष बहुसंख्य अभ्यासक स्वीकारतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. घराण्याचे मूळ पुरुष विश्वंभरबाबा यांच्यापासून घरात पंढरीची वारी होती आणि देहूतील विठ्ठलमंदिराची पूजाअर्चा याच घराण्याकडे होती. शेतीच्या जोडीला वाणीपणाचा व्यवसाय आणि गावच्या बाजाराची महाजनकीही होती. ‘महाजन’ म्हणजे पेठेच्या व्यवहारावर देखरेख करणारा वतनदार. अशा घरात धान्य, पैसा आणि विश्वास या तिन्हींची देवघेव चाले. गावातील अडलेली माणसे त्यांच्याकडून उसने नेत आणि त्याचे लेखी कागद घरात राहत.

थोरले सावजी वृत्तीने विरक्त होते. त्यांची पत्नी वारल्यावर ते तीर्थयात्रेला निघून गेले, असे परंपरा सांगते. त्यामुळे प्रपंचाचा भार कोवळ्या वयातच मधल्या मुलाच्या खांद्यावर आला. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे. म्हणून पुण्याच्या गुळवे घराण्यातील जिजाबाईंशी तुकारामांचा दुसरा विवाह झाला. लोक जिजाबाईंना आवली या नावाने ओळखतात. थोड्याच काळात आईवडील निवर्तले आणि वयाची विशी गाठण्यापूर्वीच तुकाराम घरचे कर्ते झाले.

२. दुष्काळ

इ. स. १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरात यांवर जे अरिष्ट आले, त्याची नोंद अनेक भाषांत आहे. शहाजहानच्या दरबारातील इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने आपल्या ‘पादशाहनामा’त या दुष्काळाचे वर्णन केले आहे. इंग्रजांच्या कंपनीचा नोकर पीटर मंडी १६३० च्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला. वाटेत ओस पडलेली गावे आणि रस्त्यावर पडलेली प्रेते पाहिल्याचे त्याने लिहून ठेवले. त्याच काळात मोगल, निजामशाही आणि आदिलशाही यांच्या फौजा दख्खनमध्ये वावरत होत्या. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले तेही याच सुमारास. फौजेच्या वाटेवर असलेल्या गावात धान्य उरत नाही आणि जनावरेही उरत नाहीत. पावसाने मारले आणि राजांनी लुटले, अशा दुहेरी कचाट्यात हा प्रदेश सापडला होता.

देहूतील महाजनाच्या घरातही हा दुष्काळ शिरला. भांडवल संपले, व्यापार बुडाला, बाजारातील पत गेली. रखमाबाई अन्नावाचून गेल्या. संतू नावाचा मुलगाही गेला. या आपत्तीविषयी तुकारामांनी स्वतःच सांगितलेले आहे. तेथे त्यांनी स्वतःची बाजू सावरलेली नाही. द्रव्य गेले, मान गेला, पत्नी अन्न अन्न करीत मेली आणि आपल्याला लाज वाटली, असा त्या निवेदनाचा आशय आहे.

या ठिकाणी क्षणभर थांबावे. ज्या घरातून गाव धान्य उसने नेत असे, त्या घरातील सून उपासमारीने मेली. त्या घरात लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे कागद होते, पण तो कागद खाता येत नव्हता. पुढील निर्णयाचे मूळ येथे शोधावे लागते.

३. भंडाऱ्याचा डोंगर

देहूहून पायी जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर, मावळ तालुक्याच्या हद्दीत, भंडाऱ्याचा डोंगर आहे. तेथे प्राचीन लेणी आहेत. दुष्काळानंतर तुकाराम या डोंगरावर जाऊन एकांतात बसू लागले. चाकणजवळच्या भामचंद्राच्या डोंगरावरही ते जात. या एकांतवासाला चरित्रकार साधना म्हणतात, आणि ते योग्यच आहे. परंतु साधना हा शब्द उच्चारला की पुढचे सगळे सोपे वाटू लागते. वास्तविक, पत्नी आणि मूल गमावलेला, लोकांत तोंड दाखवण्याची लाज वाटणारा हा तरुण होता. त्याच्या मनात प्रश्नांचा कल्लोळ असणारच.

त्या अवस्थेत त्यांच्यापुढे कोणते मार्ग होते, याची नोंद केली तर निर्णयाचे वजन कळेल.

पहिला मार्ग सावजींचा. घर सोडावे, तीर्थाटनाला निघावे, संसाराशी नाते तोडावे. थोरल्या भावाने तो निवडला होता आणि समाजाच्या दृष्टीने तो प्रतिष्ठितही होता.

दुसरा मार्ग रूढ व्यवहाराचा. खते बाहेर काढावीत, कुळांच्या दारी जावे, वसुली करावी आणि दुकान पुन्हा उभे करावे. ‘कूळ’ हा शब्द येथे ऋणको या जुन्या अर्थाने घ्यावा. हा मार्ग अन्याय्य म्हणता येणार नाही, कारण दिलेले पैसे खरोखरीच दिलेले होते. पण दुष्काळातून जेमतेम वाचलेल्या माणसाकडे देण्यासारखे काय उरणार? बैल, भांडे, जमिनीचा तुकडा. त्याचे जगणे ज्यावर टिकले, तेच काढून घेतल्याशिवाय वसुली होणार नव्हती.

तिसरा मार्ग मध्यम. खते जपून ठेवावीत, आज मागू नये, बरे दिवस आल्यावर मागावे. दयाळू माणसाला हा मार्ग सर्वांत पटण्यासारखा आहे. मात्र कागद सावकाराच्या पेटीत असेपर्यंत कुळाच्या घरात भीती राहतेच.

तुकारामांनी यांपैकी एकही मार्ग स्वीकारला नाही.

४. खतांची वाटणी

परंपरेनुसार धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधीत डोंगरावर आले आणि त्यांना घरी घेऊन गेले. घरी आल्यावर तुकारामांनी सर्व खते बाहेर काढली आणि ती इंद्रायणीत सोडण्याचा विचार सांगितला. कान्होबांनी हरकत घेतली. त्यांचा मुद्दा साधा होता. दादा विरक्त झाले, तरी आपल्याला प्रपंच चालवायचा आहे. तेव्हा तुकारामांनी खतांचे दोन भाग केले. अर्धी कान्होबांना दिली. आपल्या वाट्याची अर्धी नदीत सोडली.

‘खत’ हा शब्द मुळात अरबी. रेषा, हस्ताक्षर, लेखन हा त्याचा अर्थ. मराठीत तो लेखी दस्तऐवज या अर्थाने रुळला. कर्जखत, गहाणखत, खरेदीखत हे शब्द आपण आजही वापरतो. घर किंवा जमीन घेताना आपणांपैकी काहींनी खरेदीखतावर सही केलेली असेल. कागदाच्या एका तुकड्यात माणसाचे भवितव्य कसे बांधलेले असते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

या प्रसंगाचे वर्णन करताना बहुतेक निवेदक नदीत गेलेल्या खतांवर थांबतात. आपण कान्होबांकडे राहिलेल्या खतांकडेही पाहावे. तुकारामांचा निर्णय त्यांच्या मते योग्य होता, एवढेच नव्हे तर तो ईश्वराला साक्षी ठेवून घेतलेला होता. अशा वेळी माणूस सहसा दुसऱ्याच्या वतीनेही पुण्य करून मोकळा होतो. तुकारामांनी ते केले नाही. धाकट्या भावाचा हक्क त्यांनी मान्य केला आणि त्याला चांगुलपणाची सक्ती केली नाही. श्रद्धेच्या आवेगातही वाटणीचा हिशेब चुकला नाही. या हिशेबीपणात जुना महाजन दिसतो आणि त्याच कृतीत महाजनकी संपते.

बिकट काळात माणसाला कठोर व्हावे लागते, असे आपण म्हणतो. ते खोटे नाही. दुष्काळातून तगून राहण्यासाठी कोणाला ना कोणाला कठोर निर्णय घ्यावेच लागतात. विचारण्याजोगा प्रश्न हा की, त्या कठोरपणाची झळ कोणाला बसते? सावकाराचा कठोरपणा कुळाला सोसावा लागतो. तुकारामांनी कठोरपणा टाळला नाही, त्याची दिशा बदलली. कुळांविषयी ते मृदू झाले आणि स्वतःविषयी अत्यंत कठोर. दारिद्र्यातून वर येण्याचे हाती असलेले एकमेव साधन त्यांनी स्वतःच्या हाताने बुडवले.

५. जिजाबाईंची बाजू

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो टाळून हे चरित्र प्रामाणिकपणे वाचता येत नाही. तुकारामांनी कठोरपणा स्वतःकडे वळवला खरा, पण ‘स्वतः’ म्हणजे एकटे तुकाराम नव्हेत. त्यांच्या वाट्याच्या खतांवर जिजाबाईंचा आणि मुलांचाही घास अवलंबून होता. कुळांच्या घरातील भीती गेली, ती काही अंशी जिजाबाईंच्या घरात आली.

कीर्तनपरंपरेने आणि लोककथांनी जिजाबाईंना तोंडाळ, कजाग स्त्री म्हणून रंगवले आहे. श्रोते हसतात. परंतु त्याच परंपरेने जपलेला दुसरा प्रसंगही आहे. नवरा डोंगरावर उपाशी बसला म्हणून ही स्त्री भाकरी घेऊन उन्हातून भंडाऱ्याची चढण चढत असे. तो जेवल्याशिवाय आपण जेवायचे नाही, असा तिचा नेम होता. ती विठ्ठलाला शिव्या देई आणि विठ्ठलाच्या भक्ताला जेवू घाली. तिने घेतलेला निर्णय कोणी गौरविलेला नाही, तरी तोही रोज नव्याने घ्यावा लागणारा कठीण निर्णयच होता.

तुकारामांच्या बाजूने एवढे सांगता येते की, त्यांनी घर सोडले नाही. ते संन्यासी झाले नाहीत. त्यांनी पडझड झालेले विठ्ठलमंदिर दुरुस्त केले, ते कीर्तन करू लागले, पण राहिले गृहस्थच. काशी, भागीरथी, गंगा या मुली आणि महादेव, विठोबा, नारायण हे मुलगे असा त्यांचा संसार होता. त्यांनी महाजनकी सोडली, संसार सोडला नाही. तरीही जिजाबाईंचा आक्षेप त्यामुळे पूर्णपणे मिटत नाही. तो मिटवण्याचा प्रयत्न विद्यार्थ्यांनी करू नये. मोठ्या निर्णयाची किंमत शेजारच्या माणसालाही मोजावी लागते, हे सत्य त्या आक्षेपामुळे चरित्रात टिकून राहते.

६. दुसऱ्यांदा नदीत गेलेले कागद

यानंतरच्या काळात तुकारामांनी पूर्वसंतांच्या वचनांचे पाठांतर केले. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात बाबाजी चैतन्य यांच्याकडून त्यांना उपदेश मिळाला. नामदेवांनी स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, असेही त्यांनी सांगितले आहे. अभंगरचना सुरू झाली. चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ यांच्यासारखे सहकारी अभंग लिहून घेऊ लागले. वाण्याची भाषा कवितेत आली. माप, तराजू, भांडवल, मुद्दल, व्याज, दिवाळे हे बाजारातले शब्द ईश्वराशी बोलण्यासाठी वापरले जाऊ लागले.

कीर्तनाला गर्दी वाढली, तसा विरोधही वाढला. देहूतील मंबाजी गोसावी यांनी तुकारामांना काटेरी फांद्यांनी मारले आणि त्याच दिवशी कीर्तनाला मंबाजी आले नाहीत म्हणून तुकाराम त्यांना बोलवावयास गेले, अशी कथा आहे. अधिक गंभीर आक्षेप वाघोलीचे विद्वान रामेश्वरभट्ट यांचा होता. शूद्राच्या मुखातून वेदार्थ प्रकट होणे त्यांना शास्त्रविरुद्ध वाटले. अभंग लिहिणे थांबवावे आणि लिहिलेले पाण्यात बुडवावे, अशी आज्ञा झाली. तुकारामांनी वह्या इंद्रायणीत सोडल्या.

याच नदीत याच माणसाने दोनदा कागद सोडले. पहिल्या वेळी त्या कागदांवर इतरांचे ऋण लिहिलेले होते आणि ते त्यांनी स्वेच्छेने सोडले. दुसऱ्या वेळी त्यांवर त्यांची स्वतःची आयुष्यभराची कमाई होती आणि ती त्यांच्याकडून सोडवून घेतली गेली. पहिल्या वेळी सोडून ते मोकळे झाले. दुसऱ्या वेळी ते उठलेच नाहीत. नदीकाठी शिळेवर, अन्नपाण्यावाचून, तेरा दिवस त्यांनी धरणे धरले.

‘धरणे’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. आज हा शब्द आंदोलनाशी जोडलेला आहे. जुन्या व्यवहारात मात्र धरणे हा सावकाराचा उपाय होता. कर्ज न फेडणाऱ्याच्या दारात धनको उपाशी बसे आणि देणे मिळेपर्यंत उठत नसे. कुळांची खते बुडवून तुकारामांनी माणसांच्या दारातील धरणे कायमचे सोडले होते. आता ते देवाच्या दारात धरणे धरून बसले. रामेश्वरभट्टांना त्यांनी शाप दिला नाही, आज्ञाही मोडली नाही. आपले बोलणे खरे की खोटे, याचा हिशेब त्यांनी थेट विठ्ठलाकडे मागितला. माणसांची थकबाकी माफ करणारा माणूस देवाची थकबाकी मात्र माफ करीत नव्हता. त्यांच्या श्रद्धेचा हा विशेष आहे. ती केवळ शरण जाणारी श्रद्धा नव्हती. ती हक्काने मागणारीही होती.

तेरा दिवसांनंतर वह्या कोरड्या वर आल्या, असे वारकरी परंपरा मानते. अभंग लोकांच्या मुखी होते, त्यामुळे ते बुडू शकले नाहीत, असा अर्थ आधुनिक अभ्यासक लावतात. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. कागद बुडवल्याने कर्ज संपले, पण कागद बुडवल्याने कविता संपली नाही. पुढे रामेश्वरभट्ट स्वतः तुकारामांचे शिष्य झाले आणि त्यांनी तुकारामांच्या स्तुतिपर रचना केली. ब्राह्मण कुळातील बहिणाबाईही त्यांना गुरू मानून देहूला आल्या आणि तेथील अनुभव त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले.

७. अखेर

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे इ. स. १६५० मध्ये, तुकाराम या जगातून गेले. वारकरी परंपरा या घटनेला वैकुंठगमन म्हणते आणि देहूत दरवर्षी ही ‘बीज’ पाळली जाते. त्या वेळी त्यांचे वय, शके १५३० हे जन्मवर्ष धरल्यास, बेचाळीसच्या आत होते. जिजाबाई गरोदर होत्या. नारायण यांचा जन्म त्यानंतर झाला. वडिलांना ज्यांनी पाहिलेही नव्हते, त्या नारायण महाराजांनी १६८५ मध्ये पालखी सोहळ्याची प्रथा सुरू केली. संताजी जगनाडे यांच्या वह्यांतून अभंग टिकले. संताजींची समाधी मावळातील सुदुंबरे येथे आहे. १८६९ पासून शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली सरकारी मदतीने गाथेची छापील आवृत्ती निघाली आणि देहूच्या वाण्याचे शब्द छापखान्यातून महाराष्ट्रभर गेले.

सारांश

दुष्काळाने तुकारामांचे द्रव्य, पत्नी, मूल आणि मान हिरावून घेतला. त्यातून उभे राहताना वसुली किंवा गृहत्याग हे दोन्ही मार्ग त्यांनी नाकारले. कठोरपणा इतरांकडून स्वतःकडे वळवला आणि तो वळवताना भावाचा हक्क राखला. या निर्णयाची किंमत जिजाबाईंनीही मोजली. पुढे अभंगांच्या वह्या बुडवण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी विरोधकाशी वैर केले नाही आणि आपले म्हणणेही मागे घेतले नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. तुकारामांपुढे असलेले तीन मार्ग सांगून त्यांनी ते का स्वीकारले नसावेत, हे आपल्या शब्दांत लिहा.
२. कान्होबांना अर्धी खते देण्याच्या कृतीचे नैतिक महत्त्व स्पष्ट करा.
३. ‘धरणे’ या शब्दाचा जुना अर्थ लक्षात घेऊन तेरा दिवसांच्या प्रसंगाचा अर्थ लावा.
४. आपल्या कुटुंबात किंवा गावात, आपत्तीच्या काळात घेतलेला एखादा कठीण निर्णय आठवा. त्याची किंमत कोणी मोजली, याविषयी सुमारे वीस ओळी लिहा.